इटालियनमध्ये तब्येतीच्या गप्पा: माझा अनुभव

इटलीत तोरिनोला आल्यावर शब्द पाठ होते पण वाक्य काही जुळायचं नाही, शेजारच्या आजी रोज पार्को देल व्हालेन्तिनोत पो नदीकाठी फिरायला भेटायच्या, काय करतेस तब्येतीसाठी विचारायच्या आणि मी गप्प. चूक अशी की मी मनात इंग्रजीतून भाषांतर करत होते. तहान लागली म्हणायला मी 'सोनो सेते' म्हणायचे, पण इथे तहान, भूक, झोप 'जवळ असते', 'ओ' म्हणजे 'माझ्याजवळ आहे': ओ सेते, ओ फामे, ओ सोन्नो.

मग मी सगळं देवनागरीत लिहायला लागले आणि खरंच फरक पडला, कारण आपल्याला जोडाक्षराची सवय आहे ना. सेते म्हणजे तहान, सेत्ते म्हणजे सात! सोनो म्हणजे 'मी आहे', सोन्नो म्हणजे झोप. रोमन लिपीत वाचताना ते दुहेरी व्यंजन माझ्याकडून निसटायचंच.

दुसरं, सुटे शब्द सोडले, स्वतःच्या दिवसाचीच वाक्यं घेतली. 'दि सोलितो काम्मिनो मेद्झोरा दोपो चेना', म्हणजे सहसा रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास चालते. 'वादो आ लेत्तो प्रेस्तो', लवकर झोपते. 'मी' वेगळं म्हणावं लागत नाही, क्रियापदातच कळतं, मराठीत 'चालेन' म्हटलं की कळतं तसंच. व्यायामाला मात्र 'मि आल्लेनो', तो 'मि' (म्हणजे 'स्वतःला') विसरायचा नाही.

परवा आजींना पाठदुखीचं सांगितलं, 'ओ माल दि स्क्येना', त्यांना लगेच समजलं.