दव गोठण्याआधीचे बागेतील रंग : या चुका टाळा

थंड हवामानाच्या प्रदेशात पाने रंगू लागल्यापासून त्यांच्यावरचे दव पहिल्यांदा गोठेपर्यंत बागेच्या हाती जेमतेम काही आठवडे असतात. एखाद्या वर्षी तो काळ फिका गेला, की सारा दोष हवामानाला दिला जातो. हवामानाचा वाटा मोठा आहे हे खरे. परंतु घरच्या बागेतील रंग बिघडण्याची कारणे बरेचदा त्याआधीच्या उन्हाळ्यात दिलेल्या किंवा न दिलेल्या पाण्यात, खतात आणि छाटणीत सापडतात.

दिवस लहान होऊ लागले, की पान नवे हरितद्रव्य बनवणे थांबवते आणि असलेले मोडू लागते. पिवळा व नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये पानात आधीपासूनच असतात. हिरवा रंग ओसरला की ती आपोआप दिसू लागतात. त्यामुळे बर्च किंवा गिंको यांचा पिवळा रंग सहसा दगा देत नाही. लाल आणि जांभळा रंग देणारे अँथोसायनिन मात्र बहुतेक झाडांत याच काळात, पानात साठलेल्या साखरेपासून, नव्याने तयार होते आणि त्यासाठी भरपूर ऊन लागते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गोठणबिंदूच्या वर राहणारा गारवा लाभला, तर मेपल लालभडक होतो. ढगाळ आणि उबदार दिवसांत तोच मेपल मळकट दिसतो. म्हणूनच चुकांचा फटका सर्वांत आधी लाल रंगाला बसतो.

ऊन उतरले म्हणून पाणी तोडणे

ही चूक सर्वाधिक आढळते आणि तिचे परिणाम उशिरा दिसत असल्यामुळे ती लक्षातही येत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस माती कोरडी राहिली, तर झाड स्वतःला वाचवण्यासाठी पाने रंगण्याआधीच टाकून देते, किंवा पानांच्या कडा करपून तपकिरी होतात. रोज वरवर शिंपडलेले पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही. खुरप्याने दहा-पंधरा सेंटिमीटर खोल उकरून पाहावे, माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, पण ते सावकाश आणि खोलवर मुरेल असे द्यावे. लागवडीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे या बाबतीत विशेष नाजूक असतात. सदाहरित झाडांची पाने हिवाळ्यातही ओलावा गमावत असल्यामुळे त्यांना जमीन गोठेपर्यंत पाणी द्यावे लागते.

उशिरा खत आणि उशिरा छाटणी

उन्हाळा सरताना नत्रयुक्त खत दिले किंवा फांद्या छाटल्या, तर झाडाला कोवळी पालवी फुटते. जे झाड विश्रांतीकडे वळायला हवे, ते पुन्हा वाढीला लागते. रंग लांबतो आणि ती कोवळी पालवी पहिल्याच थंडीत काळी पडते. हिरवळीसाठी टाकलेले खतही जवळच्या झाडाची मुळे घेतात, ही गोष्ट बरेच जण विसरतात. वाळलेली किंवा रोगट फांदी केव्हाही काढावी. आकार देण्यासाठीची छाटणी झाड पूर्ण विश्रांतीत गेल्यावर करावी.

झाड निवडताना पानांचा रंग न पाहणे

बियांपासून वाढवलेल्या मेपलच्या रोपांत रंगाचा बराच फरक आढळतो. एक लाल होते, तर त्याच्या शेजारचे पिवळसरच राहते. म्हणून रोपवाटिकेत शरद ऋतूतच जावे, पाने रंगलेली असताना रोप प्रत्यक्ष पाहून निवडावे, किंवा रंगासाठी ओळखले जाणारे कलमी वाण घ्यावे. उन्हात लाल होणारे झुडूप दाट सावलीत लावले, तर त्याची पाने फिकट गुलाबी किंवा पिवळट होऊन गळतात, आणि तो दोष कोणत्याही खताने भरून निघत नाही. बर्निंग बुश आणि जपानी बार्बेरी ही रंगासाठी लोकप्रिय झुडपे काही प्रदेशांत रानात बेसुमार पसरली आहेत व अमेरिकेच्या काही राज्यांत त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. ती लावण्यापूर्वी आपल्या भागातील नियम पाहावेत.

प्रत्येक पिवळे पान ऋतूचे समजणे

पान पिवळे पण शिरा हिरव्या, असे दृश्य उन्हाळ्यातच दिसत असेल, तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते आणि चुनखडीयुक्त जमिनीत ते विशेष आढळते. पूर्ण झाड हिरवे असताना एकच फांदी लाल झाली, तर एखाद्या मुळाने बुंधा आवळला आहे का, सालीला इजा झाली आहे का, हे तपासावे; मेपलमध्ये मर रोगाचीही शंका घ्यावी. याउलट, पाइनच्या आतल्या बाजूच्या जुन्या सुया या काळात पिवळ्या होऊन गळतात, तेव्हा काहीजण घाबरून औषध फवारतात. तेथे फवारणीची काहीच गरज नसते.

शेवंतीवर रात्रीचा दिवा

शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब आणि अखंड अंधारी रात्र लागते. अंगणातील दिवा तिच्यावर रात्रभर पडत असेल, तर झाड निरोगी असूनही कळी लांबते. पूर्ण उमललेली कुंडी विकत घेण्यापेक्षा कळ्यांनी भरलेली घ्यावी, म्हणजे फुले अधिक काळ टिकतात. उशिरा जमिनीत लावलेल्या शेवंतीची मुळे थंडीपूर्वी नीट रुजत नाहीत, त्यामुळे तिने हिवाळा काढावा ही अपेक्षा धरू नये.

तापमानाच्या अंदाजावर विसंबणे

हवामानाच्या अंदाजातील तापमान साधारण दीड मीटर उंचीवरचे असते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून थंड होते. त्यामुळे अंदाज 2 किंवा 3 अंश सेल्सिअसचा असला तरी पानांवर हिमकण जमू शकतात. थंड हवा जड असल्याने ती बागेच्या सखल कोपऱ्यात साचते आणि तेथील झेंडू, कोलियस व डेलिया आधी जातात. अशा संध्याकाळी, माती अजून उबदार असतानाच, झाडांवर जुनी चादर जमिनीपर्यंत पोहोचेल अशी घालावी, कारण झाडाचे रक्षण जमिनीतून निघणारी ऊब करते. चादर फक्त शेंड्यांना गुंडाळून बुंध्याशी बांधली, तर ती ऊब बाहेरच राहते. प्लॅस्टिक पानांना चिकटले, तर नेमकी तीच पाने करपतात. त्या दिवशी मातीला आधी पाणी दिलेले असावे, कारण ओली माती कोरडीपेक्षा अधिक उष्णता साठवते. सकाळी तापमान वाढताच आच्छादन काढावे.

शोभेचा कोबी आणि केल यांना मात्र झाकण्याचा खटाटोप करू नये. रात्रीचे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागल्यावरच त्यांचा जांभळा रंग खुलतो आणि हलके हिमकण ते सहज सोसतात. पॅन्सी या फुलझाडाचेही तसेच. डेलियाची पाने थंडीने काळी पडली, तरी कंद त्याच दिवशी उपटण्याची घाई नको; जमीन गोठलेली नसेल तर खोड थोडे ठेवून वरचा भाग कापावा आणि साधारण आठवडाभराने कंद काढून हवेशीर जागी सुकवावेत.