वारा सुटला तर होडी जाणार नाही: इंग्रजीतलं ‘जर-तर’ कसं बोलावं

मालवणच्या जेट्टीवर सिंधुदुर्ग किल्ल्याला जायला पर्यटक उभे असतात. त्यांना सांगायचं असतं, ‘वारा सुटला तर होडी जाणार नाही.’ आणि तोंडातून निघतं, ‘इफ द विंड केम, द बोट वॉन्ट गो.’ शब्द सगळे येतात, तरी दोन चुका झाल्या: एक व्याकरणाची, एक उच्चाराची. घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना लागणारी ही वाक्यरचना नीट बसवायला आठवडा पुरतो.

आधी ‘तर’ आहे की ‘की’, ते बघा. हे मराठीतच ठरतं. ‘भरती आली की होडी निघेल’ यात भरती येणारच आहे, म्हणून इंग्रजीत ‘व्हेन’. ‘वारा सुटला तर’ यात सुटेल किंवा नाही सुटणार, म्हणून ‘इफ’. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते, ती उठणार हे ठरलेलं आहे, तेव्हा ‘बंदी उठली की’ला ‘व्हेन द बॅन एन्ड्स’. तिथे ‘इफ’ म्हणालात, तर बंदी उठेल की नाही अशी शंका ऐकणाऱ्याला येईल.

मग वाक्य ‘तर’पाशी तोडा. ‘वारा सुटला’ हा अटीचा भाग आणि ‘होडी जाणार नाही’ हा परिणामाचा.

अटीचा भाग साध्या वर्तमानकाळात टाका. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘सुटला’, ‘आला’, ‘पडला’ ही रूपं दिसायला भूतकाळाची, पण ‘तर’ जोडलं की ती पुढच्या गोष्टीबद्दल बोलतात. आपण रूप बघतो आणि ‘केम’ म्हणतो. इंग्रजी माणसाला त्यावरून वाटतं, वारा सुटायची शक्यता फारशी नाही, नुसती कल्पना चालली आहे. दुसरे काही जण उद्याची गोष्ट म्हणून ‘इफ इट विल रेन’ म्हणतात. तेही नको. ‘विल’ एकदाच येतं, तेही परिणामाच्या भागात. म्हणून ‘इफ इट रेन्स’, ‘इफ द विंड पिक्स अप’. ‘आय’, ‘यू’ सोडून एकवचनी कर्ता असला की क्रियापदाला लागणारा ‘स’ विसरू नका, कोकणातल्या पावसाबद्दल बोलताना तो सारखा लागतो.

परिणामाला ‘विल’ आणि क्रियापदाचं मूळ रूप लावा. नकार असेल तर ‘वोन्ट’. इथे उच्चार जपा. ‘वोन्ट’मधला ‘ओ’ लांब, ‘डोन्ट’सारखा. ‘वॉन्ट’ म्हणालात तर पाहिजे असा अर्थ होतो, आणि ‘वी वॉन्ट गो’ ऐकून पर्यटक लाइफ जॅकेट घालायला लागतो. ‘डोन्ट, वोन्ट’ अशी जोडी दहा वेळा मोठ्याने म्हणा, जीभ बरोबर वळते.

पूर्ण वाक्य: ‘इफ द विंड पिक्स अप, द बोट वोन्ट गो.’

खात्री नसेल तर ‘विल’ऐवजी ‘मे’ वापरा. घाटात दरड कोसळली तर गाडीला उशीर होऊ शकतो: ‘इफ देअर इज अ लँडस्लाइड, द ट्रेन मे बी लेट.’ सूचना द्यायची असेल तर थेट आज्ञार्थ चालतो: ‘इफ द सी इज रफ, डोन्ट स्विम.’ जीवाशी गाठ असते तिथे हेच सरळ वाक्य बरं.

मराठीत ‘जर’ गाळला तरी चालतो, ‘तर’ मात्र लागतोच. इंग्रजीत उलट आहे. ‘इफ’ हवाच, ‘देन’ बहुतेक वेळा नकोच. अटीचा भाग आधी आला तर त्यानंतर स्वल्पविराम द्या. ‘द बोट वोन्ट गो इफ द विंड पिक्स अप’ असं उलटं लिहिलंत, तर स्वल्पविराम नको.

अटीतला नकार. ‘दहाच्या आत ऑर्डर दिली नाहीत तर सुरमई मिळणार नाही.’ इंग्रजीत: ‘इफ यू डोन्ट ऑर्डर बिफोर टेन, यू वोन्ट गेट सुरमई.’ ‘इफ... डोन्ट’च्या जागी ‘अनलेस’ही चालतं, पण त्याच्या पोटात नकार आधीच आहे. ‘अनलेस यू डोन्ट ऑर्डर’ म्हणालात की अर्थ पालटतो: ऑर्डर देणाऱ्यालाच मासा मिळणार नाही! तसंच ‘पाऊस आला नाही तर’ला ‘इफ इट डझन्ट रेन’. ‘डझन्ट’ आलं की ‘रेन्स’मधला ‘स’ गेला.

‘वारा सुटला असता तर’ या साच्यात घालू नका. असा ‘असता’ दिसला की ती न घडलेल्या गोष्टीची कल्पना आहे, तिची रचना वेगळी.

सराव. रोज सकाळी त्या दिवसाला खरोखर लागणारी पाच वाक्यं मराठीत लिहा: पाऊस, होडी, जेवण, एसटी, वीज. प्रत्येकात ‘तर’खाली रेघ मारा, दोन भाग वेगवेगळे इंग्रजीत करा आणि जोडून मोठ्याने म्हणा. लिहिलेल्यात ‘विल’ मोजा. एका वाक्यात दोनदा आलं असेल, तर ‘इफ’च्या बाजूचं खोडा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून प्रश्न करून बघा: ‘व्हॉट विल यू डू इफ द लास्ट बस डझन्ट कम?’ पर्यटकाला हा विचारता आला, की त्याची रात्रीची सोयही वेळेत करता येते.