बाथटबचं पाणी तुंबतंय? आधी केस ओढून काढा
टबमधलं पाणी हळूहळू जायला लागलं की बहुतेक वेळा आत केसांचा गुंता असतो, त्याला साबणाचा चिकट थर धरतो आणि मग तो घट्ट बोळाच होऊन बसतो. लगेच ड्रेन क्लीनर ओतू नका प्लीज. आधी स्टॉपर, म्हणजे पाणी जायच्या भोकावरचं झाकण, काढा; काही फिरवून निघतात तर काहींना खाली स्क्रू असतो, मग ग्लोव्हज घालून दातेरी प्लास्टिकची पट्टी किंवा टोक वाकवलेली तार आत घाला, गोल फिरवा आणि सावकाश वर ओढा. घाण वाटेल, पण खरा उपाय हाच! दोन-तीनदा करा, नंतर गरम पाणी सोडा, उकळतं नको, प्लास्टिकचे पाइप नरम पडतात.

तरी अडलं तर प्लंजर (दांड्याला रबरी कप असलेला पंप) वापरा, पण टबच्या वरच्या बाजूचं ओव्हरफ्लोचं, म्हणजे जास्तीचं पाणी जायचं भोक ओल्या फडक्याने बंद करा नाहीतर जोरच लागत नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगरने केस विरघळत नाहीत. आणि दोन वेगळे क्लीनर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू होऊ शकतो.

पुढे जाळी बसवा, अंघोळीआधी केस विंचरा आणि जाळीतले केस रोजच्या रोज कचऱ्यात टाका.