अंजीर, संत्रं आणि मोसंबीचं सॅलड

अंजिरात गोडी भरपूर, आंबटपणा जवळजवळ नाहीच. म्हणून नुसती दोन-तीन अंजिरं खाल्ली की पुढचं नको वाटतं. त्याच्या शेजारी संत्र्याची एक फोड ठेवा, तेच अंजीर वेगळं लागतं. या सॅलडमध्ये एवढंच सांभाळायचं असतं: आंबट किती, आणि पाणी कुठे सुटतंय. मी नाशकात सातपूर आणि अंबडच्या ऑफिसांत दुपारचे सॅलडचे डबे देते. डबा सकाळी भरायचा आणि दुपारी दीडला उघडायचा, त्यामुळे पाण्याचं गणित मला चुकवून चालत नाही.

हे सॅलड करायचे खरे दिवस फेब्रुवारी-मार्चचे. नागपुरी संत्र्याचा मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांचं फळ, तेव्हा बाजारात असतो, मोसंबीही मिळते, आणि अंजिराचा मीठा बहार मार्चपासून जोर धरतो. डिसेंबर-जानेवारीत येणारं अंजीर खट्टा बहाराचं, गोडीला कमी. ते घेतलंत तर पुढे सांगितलेल्या प्रमाणात लिंबू अर्धं करा आणि मध थोडा वाढवा.

नाशकात अंजीर पिकवणारे फार नाहीत, आपल्याकडे माल येतो तो बहुतेक पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरकडून. सासवड-दिवे भागातल्या त्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून रविवार कारंज्यावरच्या प्रत्येक गाडीवर सगळी अंजिरं पुरंदरचीच असतात! नावावर जाऊ नका, खोका उचलून खालून बघा. तळाला ओल किंवा रसाचा डाग असेल तर खालची फळं दबली आहेत. वास घ्या, आंबूस आला तर ठेवून द्या. देठाजवळ मान कललेली, हाताला मऊ आणि सालीला एखादी बारीक चीर असलेलं अंजीर उत्तम. कडक अंजीर घरी ठेवून पिकेल या आशेवर घेऊ नका. झाडावरून उतरवलं की ते मऊ पडतं, गोड होत नाही. देठातून पांढरा चीक येत असेल तर फळ कच्चंच आहे, तो चीक हाताला आणि ओठांना खाजतो.

चार माणसांसाठी दोन संत्री, एक मोठी मोसंबी, सहा अंजिरं, अर्धा लहान कांदा, मूठभर कोवळी पानं आणि दोन चमचे भाजलेले शेंगदाणे पुरतात.

सगळ्यात जास्त वेळ मोसंबीला द्या. संत्र्यासारखी ती हाताने सोलून फोडी टाकल्या तर वरचा पापुद्रा चिवट लागतो, आणि पांढरा भाग राहिला तर कडवटपणा येतो. मोसंबीचं वरचं आणि खालचं टोक कापा, म्हणजे ती पाटावर सरळ उभी राहते. धारदार सुरीने वरून खाली, फळाच्या गोलाईने साल काढत जा. पांढरं काही शिल्लक ठेवू नका, थोडा गर गेला तरी चालेल. आता फळ तळहातावर घेऊन खाली वाडगा धरा आणि प्रत्येक पापुद्र्याला लागून दोन्ही बाजूंनी सुरी घाला. स्वच्छ फोड सुटून येते. उरलेला चोथा मुठीत पिळून रस त्याच वाडग्यात घ्या, तो लागणार आहे. बिया लगेच काढा. चिरडल्या गेल्या तर त्यांचा कडवटपणा रसात उतरतो.

संत्रं सोपं. सोलून धागे काढा, फोडीची आतली कड कात्रीने कापून बिया ढकला. पापुद्रा पातळ असेल तर राहू द्या. मग संत्रं-मोसंबीच्या फोडी चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवा. ही दहा मिनिटं वाचवायला गेलात की ताटात तळं होतं.

पानांसाठी लेट्यूस शोधत फिरायची गरज नाही. बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, गेलात तर हरभऱ्याचा कोवळा पाला मिळेल. त्याला स्वतःचा आंबटपणा असतो, तो अंजिराशी झकास जमतो. नाहीतर समुद्रमेथीची, म्हणजे वाळूत उगवलेल्या कोवळ्या मेथीची, बारीक जुडी घ्या, कडवटपणा अगदी हलका असतो. दोन्ही वाळूने भरलेल्या असतात, तीन पाण्यांतून काढा आणि पंच्यावर पसरून पूर्ण कोरड्या करा. कांदा लांब, पातळ चिरून गार पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, मग घट्ट पिळा. द्राक्षं मी घालत नाही. नाशिककर असून हे सांगताना लोक माझ्याकडे बघतात, पण अंजिराच्या गोडीवर आणखी गोडी कशाला?

वरून घालायचा रस असा: वाडग्यात पिळलेला मोसंबीचा रस दोन चमचे, लिंबाचा एक चमचा, लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल दोन चमचे, मध अर्धा चमचा, मीठ पाव चमचा आणि ताजी कुटलेली मिरी. झाकणाच्या बाटलीत घालून जोरात हलवा. ऑलिव्ह तेल असेल तर तेही चालेल, पण भाजक्या दाण्यांबरोबर आपलं तेलच बरं लागतं. चाट मसाला नको, त्याने सगळ्याची चव एकसारखी होते.

अंजिरं अगदी शेवटी हातात घ्या. हलक्या हाताने धुवा, पुसा, देठ उडवा आणि बोटांनी चार भागांत फाडा. सुरीने कापलं तर कड गुळगुळीत होते आणि रस धरत नाही. पसरट ताटात आधी पानं, वर कांदा, मग संत्रं-मोसंबी, त्यावर अंजीर आतला गुलाबी भाग वर ठेवून. बसायच्या वेळी रस घाला, दाणे भुरभुरा. ढवळू नका, अंजिराचा लगदा होतो.

दाटपणा हवा असेल तर ताटात खाली चार चमचे चक्का पसरा. मात्र लगेच वाढा. अंजिरातला पाचक घटक दुधातली प्रथिनं फोडतो, त्यामुळे चक्का तासाभरात सैल आणि कडू होऊ शकतो. पनीरचंही तेच.

मोसंबीऐवजी पपनस घेतलंत तर त्याचा पापुद्रा पूर्ण सोलावाच लागतो, आतला गर मात्र सुटा आणि कोरडा निघतो, डब्यासाठी फार सोयीचा. घरात कुणी कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेत असेल तर पपनस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांवर त्याचा परिणाम होतो.

पावसाळ्यात ताजं अंजीर नसतं. तेव्हा माळेतलं सुकं अंजीर चिरून अर्धा तास मोसंबीच्या रसात भिजवा आणि मध वगळा. चव वेगळी, जास्त भरदार, आणि आमच्याकडच्या आजींना हेच आवडतं कारण दातांना सोपं जातं.

डब्यात न्यायचं तर स्टीलचाच डबा घ्या, कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवू नये. तळाला कांदा आणि फोडी, वर पानं, अंजिरं न फाडता सबंध, दाणे कागदाच्या पुडीत, रस छोट्या बाटलीत. मीठ फक्त बाटलीतच राहू द्या, ते फोडींना लागलं की पाणी सुटायला सुरुवात होते. अंजीर खाणाऱ्याने जेवतानाच फाडावं. तरीही काही उरलंच तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. तळाचा रस तेवढा गाळून चिमूटभर काळं मीठ घालून पिऊन टाका.