हिवाळ्यात घर विकलं जात नव्हतं, मग टायमिंग बदललं
डिसेंबरमध्ये घर विकायला काढलं. लोक यायचे, दोन मिनिटं फिरायचे, कळवतो म्हणायचे आणि गायब. फार मनाला लागायचं. मग लक्षात आलं की सगळ्यांना आपण ऑफिसनंतर 6 वाजता बोलावतोय, तेव्हा बाहेर अंधार, आत कुबट वास आणि खिडकीच्या काचेवर आतून पाणी जमलेलं, बघणाऱ्याला वाटणारच ना भिंतीत ओल आहे! खरं तर आतली वाफच गार काचेवर जमते. मग रोज सकाळी 10 मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, काचा पुसल्या, जाड पडदे काढले आणि व्हिजिट फक्त 11 ते 2. हिवाळ्यात ऊन तिरपं येतं, थेट हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत. एक काकू त्या उन्हात उभ्या राहिल्या त्या हलेचनात. त्यांनीच घेतलं.