व्हाइट सॉक्सची पडझड सोसताना नेमकं काय पाहायचं

शिकागो व्हाइट सॉक्स हा अमेरिकेतला बेसबॉल संघ २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने हरला. अशा काळात रोज गुणतक्ता उघडून जीव जाळू नका. आधी धावफरक काढा: केलेल्या ५०७, दिलेल्या ८१३, म्हणजे उणे ३०६. २०२५ मध्ये पराभव १०२ झाले खरे, पण हा खड्डा बराच बुजला. सुधारणा आधी इथे दिसते, विजयांत नंतर.

मग तरुण खेळाडू जिथे घडतात त्या क्लबच्या खालच्या संघांकडे वळा: आधी बर्मिंगहॅम, मग शार्लट. शार्लटचं मैदान फलंदाजांना फार धार्जिणं, त्यामुळे तिथल्या होमरनवर (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) भाळू नका. बाहेरच्या मैदानांवरचे आकडे पाहा. फलंदाजीच्या १०० खेपांत ३० हून जास्त वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) होणारा पोरगा वर गेला की बहुधा गडबडतो.

‘हरलो तर ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याची दरवर्षीची फेरी) पहिला नंबर’ हा हिशोबही कच्चा. आता वरच्या सहा जागा सोडतीने ठरतात, आणि काही संघांना लागोपाठ दोन वर्षं त्या मिळत नाहीत. म्हणूनच १२१ पराभवांनंतर २०२५ मध्ये दहावा क्रमांक हाती आला! पिचर (गोलंदाज) गॅरेट क्रोशेला बॉस्टनच्या संघाला देऊन टील, मॉन्टगोमेरी, माइड्रॉथ, गोन्झालेझ हे तरुण खेळाडू घेतले. त्या सौद्याचा निकाल तीन वर्षं तरी लावू नका.