नोंदणी विवाह ठरलाय? घरी, मित्रांना आणि केटररला कसं सांगाल

विशेष विवाह कायद्याने (१९५४) लग्न करायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "तारीख काय?" बहुतेक जण इथेच चाचरतात, आणि मग प्रत्येक मावशी-आत्याला वाटतं की अजून काहीच पक्कं नाही. म्हणून बोलण्याआधी तारखांचा हिशेब कागदावर मांडून घ्या.

दोघांपैकी एकजण लागोपाठ किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतोय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी असतात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर पुन्हा नवी नोटीस. म्हणजे २ नोव्हेंबरला दिली आणि त्याच दिवशी लागली, तर सही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत उरकायची. स्वागत समारंभ मात्र ३१व्या दिवशी ठेवू नका. हरकत आलीच तर चौकशीला आणखी ३० दिवस लागू शकतात. हॉल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातला घ्या.

नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. तुमचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या कार्यालयातही तिची प्रत जाते. गावातल्या कुणीतरी ती वाचून आईबाबांना फोन करण्याआधी त्यांना तुमच्या तोंडून कळायला हवं. आधी आईबाबा, मग आजी-आजोबा आणि मोठे काका, त्यानंतर नोटीस. हा क्रम मोडला की रुसवे वर्षानुवर्षं पुरतात.

आजीचा प्रश्न ठरलेला, "अक्षता नाहीत? सप्तपदी नाही?" तिला कायदा वाचून दाखवू नका. एवढंच सांगा, "आजी, सही करून घरी आलो की अंतरपाट धरू, मंगलाष्टका तू म्हण." हे खरंच करता येतं, कायदा विधींना मनाई करत नाही. त्याची अट एवढीच, की अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं बोलून दाखवायचं. दोघांना समजेल त्या भाषेत, म्हणजे मराठीतही. "समाजाला आवडणार नाही" ही हरकत होत नाही, हेही शांतपणे सांगा. वय, आधीचं लग्न, मानसिक अक्षमता आणि निषिद्ध नातं, एवढेच मुद्दे ऐकले जातात.

बोलताना "बघू", "बहुतेक" हे शब्द टाळा. मानपान, आहेर, पाहुण्यांची संख्या यांतलं काय ठरलंय आणि काय घरच्यांवर सोडलंय, हे दोघांनी आधीच वेगळं करा. "आहेर घेणार नाही, हे ठरलंय. जेवणात काय ठेवायचं ते आई ठरवेल." असं सांगितलं की वाद कमी होतात, कारण प्रत्येकाला आपली जागा कळते.

मित्रांपैकी साक्षीदार तीन हवेत, पण चौथाही सांगून ठेवा. कागदपत्रं आदल्या दिवशीच मागून घ्या.

हॉलवाल्याला विचारा, हॉल ताब्यात किती वाजता मिळणार आणि रिकामा किती वाजता करायचा. रात्री १० नंतर स्पीकर बंद, हे साउंडवाल्यालाही आधी सांगा.

सगळ्यात जास्त खटके केटररशी उडतात. "दीड-दोनशे माणसं" असं कधीच म्हणू नका, तो दोनशेच धरणार. "गॅरंटी १५० ताटं, वरच्या २० ताटांचा दर हाच, पक्का आकडा तीन दिवस आधी देऊ," असं सांगून लिहून घ्या. दर करासहित की कर वेगळा, वाढपी किती, पाणी कुणाचं, फोटोग्राफर आणि ड्रायव्हरची जेवणं त्यातच का, तेही त्याच कागदावर. जेवणं सुरू होण्याआधी मांडलेली ताटं दोन्ही बाजूंनी मिळून मोजा आणि शेवटी उरलेलीही मोजा. वापरलेल्या ताटांचा वाद तिथेच मिटतो. हे काम एखाद्या चोख काकांकडे द्या, कारण त्या वेळी तुम्ही दोघं स्टेजवर असाल.